डाग पडलेलं केळं आणि नेटवरचं विज्ञान

पत्र

नमस्कार. मी यावल तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. वर्गात स्मार्ट टीव्ही आला आहे, नेट मात्र माझ्याच मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं. तालुका विज्ञान प्रदर्शनासाठी आठवीतल्या एका मुलाने ‘काळे डाग पडलेलं केळं खा, कॅन्सर पळवा’ असा विषय आणला. सोबत एका संकेतस्थळावरच्या पानाची रंगीत प्रिंट. त्यात जपानी शास्त्रज्ञांचं संशोधन, पेशींची चित्रं, ‘टीएनएफ’ नावाचा घटक, सगळं होतं. घरची केळीची बाग असल्याने त्याच्या घरचेही खूश. मला खात्री वाटेना, पण खोटं म्हणायलाही आधार सापडेना. ‘मॅडम, नेटवर दिलंय ना!’ यावर काय बोलावं ते सुचलं नाही. मुख्याध्यापक म्हणतात, सरकारी संकेतस्थळं सोडून काही दाखवूच नका. पण तिथे सगळं मिळत नाही. वर्गात वापरण्याजोगी विज्ञानाची संकेतस्थळं ओळखायची कशी? आणि विश्वासाची एक यादी देता का?

— एक विज्ञान शिक्षिका, ता. यावल

उत्तर

मॅडम, नमस्कार.

यादी देतो, पण शेवटी, आणि ती छोटीच असेल. तुमचा विद्यार्थी पुढच्या वेळी जे पान घेऊन येईल, ते कुठल्याही यादीत नसणार. म्हणून आधी केळ्याचा निकाल लावू. तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्यातच मिळेल.

ती प्रिंट पुन्हा पुन्हा वाचून तुम्ही खरं-खोटं ठरवायला बसलात. चांगली शिकलेली माणसंही हेच करतात आणि तिथेच अडकतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्र्यू यांनी २०१७ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. पीएच.डी. झालेले १० इतिहासकार, स्टॅनफर्डचेच २५ विद्यार्थी आणि १० व्यावसायिक फॅक्टचेकर यांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली. इतिहासकार आणि विद्यार्थी बरेचदा पानावरच रेंगाळले. संस्थेचं भारदस्त नाव, बोधचिन्ह, नेटकी मांडणी यांनी त्यातले कित्येक फसले. फॅक्टचेकर पान पुरतं वाचायच्या आधीच त्यातून बाहेर पडले. त्यांनी नवे टॅब उघडले, या संस्थेबद्दल इतरांनी काय लिहिलंय ते पाहिलं आणि मग परत आले. कमी वेळात त्यांचे निष्कर्ष जास्त पक्के निघाले.

तुमच्या प्रिंटला हेच लावू या. पान बाजूला ठेवा. बनाना, टीएनएफ, कॅन्सर हे शब्द इंग्रजी स्पेलिंगने शोधा आणि मूळ संशोधन कुठलं ते काढा. ते सापडतं. शोधनिबंध २००९ सालचा आहे, जपानच्या तेइक्यो विद्यापीठातल्या संशोधकांचा. म्हणजे शास्त्रज्ञ खरे, जपान खरं, संशोधनही खरं. त्यांनी केलं काय, तर केळ्याचा अर्क काढला, तो उंदरांच्या उदरपोकळीत इंजेक्शनने सोडला आणि उंदरांच्या रोगप्रतिकारक पेशी किती उत्तेजित होतात ते मोजलं. जास्त पिकलेल्या केळ्याच्या अर्काचा परिणाम जास्त दिसला. कुणा माणसाला केळं खाऊ घालून त्याचा कॅन्सर तपासलेला नाही.

टीएनएफ म्हणजे ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’ हे प्रथिन. तो केळ्यात नसतोच. तो आपल्या शरीरातल्या रोगप्रतिकारक पेशी तयार करतात. तो वाढला की भलंच होतं, असंही नाही: काही प्रकारच्या संधिवातात टीएनएफला अडवणारी औषधंच रुग्णाला द्यावी लागतात. तुमच्या प्रिंटने उंदरावरून माणसावर, इंजेक्शनवरून खाण्यावर आणि पेशींच्या उत्तेजित होण्यावरून कॅन्सर बरा होण्यावर उडी मारली, आणि यातली एकही उडी वाचकाला दाखवली नाही.

म्हणून विज्ञानाच्या कुठल्याही पानाला मी एकच प्रश्न आधी विचारतो: हे तुला कशावरून कळलं? चांगलं पान याचं उत्तर देतं. कोणी मोजलं, कशावर मोजलं, केव्हा, आणि कुठे खात्री नाही, हे त्यात असतं. मूळ निबंधाचा दुवा असतो आणि तो उघडतो. वाईट पान ‘शास्त्रज्ञ म्हणतात’, ‘नासाने सिद्ध केलंय’ म्हणून पुढे सरकतं. नासाचं नाव दिसलं की नासाच्या संकेतस्थळावर तो विषय शोधून बघा. ‘आज रात्री पृथ्वीजवळून वैश्विक किरण जाणार, मोबाइल बंद ठेवा’ हा संदेश नासाच्याच नावाने कितीतरी वर्षं फिरतोय.

त्या मुलाचा विषय मात्र रद्द करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. घरची बाग आहे, म्हणजे एकाच घडातली, एकाच फणीतली केळी त्याला मिळतील. शहरातल्या मुलाला हे नशीब नसतं. कच्चं केळं कापून त्यावर प्रयोगशाळेतलं आयोडीनचं द्रावण दोन थेंब टाकू द्या. काप निळाकाळा होईल, कारण आत स्टार्च भरलेलं असतं. रोज त्याच फणीतलं एक केळं कापायचं, तेवढेच थेंब टाकायचे, तेवढ्याच वेळाने फोटो काढायचा. जसजसं केळं पिकेल तसतसा काळेपणा ओसरताना दिसेल, कारण स्टार्चची साखर होत जाते. सालीवरचे डाग कशाचे, तर केळ्यातल्या विकरांची (एन्झाइमची) हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडते आणि सालीतले काही पदार्थ तपकिरी होतात. त्याच घडातली दुसरी फणी एका पिकलेल्या केळ्यासोबत कागदी पिशवीत बंद करून ठेवायला सांगा. ती आधी पिकेल आणि फळं पिकवणाऱ्या इथिलीन वायूची गोष्ट आपोआप निघेल. केळी पिकवायच्या खोलीत, म्हणजे रायपनिंग चेंबरमध्ये, काय चालतं, हे गावातल्या कुणा व्यापाऱ्याकडे जाऊन तो बघूनही येईल. आयोडीन लावलेले काप खायचे नाहीत, एवढं आधीच बजावा.

परीक्षकांनी ‘कशावरून?’ विचारलं तर त्याच्या हातात स्वतःची वही असेल. मुलाच्या वडिलांशी बोलताना जरा सांभाळून बोला. आपल्या पिकाचं कौतुक कुणीतरी नेटवर केलंय, याचा आनंद साहजिक आहे. त्यांना सांगा की जळगावच्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि १०० ग्रॅम केळ्यात साधारण ३५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. केळ्याचं मोठेपण सांगायला कॅन्सरची गरज नाही.

तुम्ही ‘खोटं म्हणायला आधार सापडेना’ असं लिहिलंय. मराठीत शोधल्यावर तसं होणारच. एकाने लिहिलेलं दहा जण उचलतात आणि दहाही पानं एकच गोष्ट सांगताना दिसली की आपल्याला वाटतं, बघा, सगळेच म्हणतात. पानातलं एखादं वाक्य जसंच्या तसं अवतरणचिन्हांत टाकून शोधा. तेच वाक्य दहा ठिकाणी दिसलं तर ती सगळी मिळून एकच साक्ष धरायची. ‘पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन सोडतो’ हे असंच पसरलेलं विधान. यासाठी नेटवर जायचीही गरज नाही. प्रकाशसंश्लेषणाला प्रकाश लागतो आणि ऑक्सिजन त्याच क्रियेत बाहेर पडतो, हे तुमच्या पाठ्यपुस्तकात आहे. रात्री पिंपळही इतर झाडांसारखा श्वसनासाठी ऑक्सिजन घेतो. शोध घेतल्यावर सगळ्यात वर जे तयार एआय उत्तर येतं, तेही अशाच पानांवरून जुळवलेलं असू शकतं. त्याखालची मूळ पानं उघडल्याशिवाय ते फळ्यावर जाऊ देऊ नका.

पान तपासायला मुलांचं रोजचं जगणंही फार उपयोगी पडतं. ‘पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा, लांब गेली की हिवाळा’ असं एखाद्या पानावर दिसलं तर आठवीच्या मुलांनाच विचारा: रावेर-यावलच्या बागांमध्ये थंडीपासून केळी वाचवायला रात्री शेकोट्या कधी पेटवतात? डिसेंबर-जानेवारीत. आणि पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ कधी असते? जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला ती सगळ्यात लांब असते, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर. ते पान तिथेच नापास झालं. कारण आहे पृथ्वीच्या अक्षाचा साडेतेवीस अंशांचा कल. ‘सूर्य रोज दुपारी बारा वाजता बरोबर डोक्यावर येतो’ हेही अशाच पानांवर असतं. आपल्याकडे, साधारण २१ अंश अक्षांशावर, तो वर्षातून दोनदाच माथ्यावर येतो: मे महिन्याच्या २५-२६ तारखेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या मध्यावर. जुलैत ढग असतात आणि मेमध्ये सुट्टी, म्हणून हा शून्य सावलीचा दिवस शाळांच्या हातून निसटतो. सुट्टीतला घरचा अभ्यास म्हणून द्या. अंगणात एक काठी उभी केली की झालं.

प्रयोग सांगणाऱ्या पानांच्या बाबतीत मात्र मी जास्त कडक आहे, कारण तिथे चूक झाली तर मूल जखमी होऊ शकतं. एक उदाहरण नेहमी भेटतं: ‘मिठाच्या पाण्यात बॅटरीच्या तारा सोडा, हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळवा.’ मीठ म्हणजे सोडिअम क्लोराइड. धन टोकाशी क्लोरीन वायूही निघतो. नऊ व्होल्टच्या एका बॅटरीला तो थोडाच असेल, पण दारं-खिडक्या लावलेल्या वर्गात मुलांचे दहा गट एकदम हा प्रयोग करायला लागले तर नाका-घशाला त्रास होणारच. पाण्याचं विघटन दाखवायचं तर मिठाऐवजी धुण्याचा सोडा चिमूटभर घाला, किंवा तुम्ही स्वतः विरल सल्फ्युरिक आम्लाचे काही थेंब टाका. ज्या पानाला क्लोरीन आठवत नाही, त्या पानाच्या लेखकाने एकतर रसायनशास्त्र वाचलेलं नाही किंवा प्रयोग स्वतः केलेला नाही. दोन्ही बाबतीत ते पान वर्गातून बाहेर. साहित्याचं प्रमाण, धोका आणि ‘मोठ्यांच्या देखरेखीखाली’ ही सूचना नसलेलं कुठलंही प्रयोगाचं पान मी मुलांना देणार नाही, मग त्याचे व्हिडिओ कितीही सुरेख असोत.

प्रदर्शनाच्या दिवसांत ‘चुंबकावर फिरणारा पंखा’ आणि ‘विजेविना पेटणारा बल्ब’ हेही हटकून येतात. व्हिडिओत बॅटरी लपवलेली असते. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम शिकवून झालेला असतो, तरी मुलं हे करायला घेतात आणि जमलं नाही की आपलंच काहीतरी चुकलं समजून खट्टू होतात. त्यांना तो व्हिडिओ वर्गात लावू द्या, फुकटची ऊर्जा येते कुठून हे शोधायला सांगा, आणि तारा कुठे गेल्यात ते थांबवून थांबवून बघू द्या. एक तास त्यात गेला तरी चालेल.

पानाची तारीख बघा असं सगळेच सांगतात; ती कुठे महत्त्वाची आणि कुठे नाही, हे कुणी सांगत नाही. अपवर्तनाचे नियम समजावणारं वीस वर्षांपूर्वीचं पान आजही तितकंच चांगलं असू शकतं. शनीच्या चंद्रांची संख्या मात्र मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ ने वाढून २७४ झाली. तिथे दोन वर्षांपूर्वीचं पानसुद्धा जुनं. किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडिअमच्या दंडगोलाचं वस्तुमान, असं जे पान अजून वर्तमानकाळात सांगतं, ते २० मे २०१९ नंतर कुणी तपासलेलं नाही. त्या दिवसापासून किलोग्रॅम प्लँकच्या स्थिरांकावरून ठरतो. तुमच्या छापील पुस्तकातही असे जुने आकडे सापडतील. मुलांनी ते दाखवून दिले तर शाबासकी द्या.

आता मुख्याध्यापकांचं म्हणणं. त्यांची काळजी रास्त आहे. वर्गात काय दाखवलं याचा जाब पालक त्यांनाच विचारतात. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एसी डॉट इन’ असेल तर ते संकेतस्थळ सरकारचं किंवा शिक्षणसंस्थेचं आहे, एवढं नक्की कळतं, आणि ही माहिती मोलाची आहे. ‘ओआरजी’ मात्र कुणालाही घेता येतं, त्यावरून काहीच ठरत नाही. पण संस्था खात्रीची असली तरी पान आठवीच्या मुलाला समजेल असं नाही, आणि ते ताजं असेल असंही नाही. सरांपुढे असा प्रस्ताव ठेवा: सरकारी नसलेलं पान वापरायचं असेल तर ते तुम्ही आधी पूर्ण वाचाल, त्यातला एक दावा दुसऱ्या स्वतंत्र ठिकाणी पडताळाल आणि टाचणवहीत तारखेसह नोंद कराल. मला वाटतं, ते नाही म्हणणार नाहीत.

मुलांना हे शिकवायला एक तास राखून ठेवा. १९९७ साली अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात १४ वर्षांच्या एका मुलाने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ‘डायहायड्रोजन मोनोऑक्साइड’ या रसायनाविरुद्ध पत्रक वाटलं: आम्लवर्षेत असतं, धातू गंजवतं, वायुरूपात भाजतं, नाकात गेलं तर जीव जातो. ५० पैकी ४३ विद्यार्थ्यांनी त्यावर बंदी घाला म्हणून मत दिलं. ते रसायन म्हणजे पाणी. पत्रकातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हे मुलांच्या लक्षात आणून द्या. हाच प्रयोग दहावीवर करून बघा, आणि गंमत झाल्यावर त्यांच्याच प्रकल्पवहीतलं एकेक पान त्यांनाच तपासायला लावा.

आता तुमची यादी. कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ हा प्रकल्प भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या कार्ल वायमन यांनी २००२ साली सुरू केला. त्यातली परस्परसंवादी सादृश्यं (सिम्युलेशन) मोफत आहेत आणि बरीच मराठीतही आहेत. तिथे मूल स्वतः विजेचा रोध वगैरे बदलून बघतं, म्हणून मला ते आवडतं. पण तीही प्रतिकृतीच आहे. विजेच्या परिपथात इलेक्ट्रॉन डोळ्यांना दिसतील एवढ्या मोठ्या गोळ्यांसारखे धावतात. खऱ्या तारेत ते सेकंदाला मिलिमीटरभरही सहसा सरकत नाहीत, हे तुम्हाला सांगावं लागेल. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंतून करायची वैज्ञानिक खेळणी आहेत, मराठी पुस्तकंही आहेत, आणि तिथल्या बऱ्याच प्रयोगांचं साहित्य तुमच्या गावच्या दुकानात मिळतं. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचं साहित्य शिक्षकांनी स्वतःसाठी वाचावं. या केंद्राने सत्तरच्या दशकात तुमच्याच भागातल्या खिरोदा परिसरात शाळांमध्ये विज्ञानशिक्षणाचा प्रकल्प राबवला होता. ग्रामीण वर्गाची त्यांची जाण त्यामुळे पुस्तकी नाही. मराठी विश्वकोशातल्या नोंदींना लेखकाचं नाव असतं आणि भाषा नेमकी असते. त्याचा पहिला खंड १९७६ सालचा आहे, तेव्हा संकल्पना तिथून घ्या, आकडे दुसरीकडून. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून उघडणारं दीक्षा तुम्ही वापरत असालच. तापमान-पावसाच्या आकड्यांसाठी थेट हवामान विभागाकडे जा, बातम्यांकडे नको.

हॉटस्पॉटवर वर्ग चालवताना थेट नेट लावू नका. फेटची सादृश्यं आदल्या दिवशी घरी उतरवून पेनड्राइव्हवर घेतली की नेटशिवाय चालतात. पण टीव्हीचा ब्राउझर कधीकधी ती उघडत नाही, म्हणून लॅपटॉप जोडून एकदा आधी चालवून बघा. वाचायचं पान पीडीएफ करून ठेवा, म्हणजे जुगाराच्या अॅपची जाहिरात मुलांसमोर उसळणार नाही, आणि दाखवलेलं पान उद्या बदललं तरी तुमच्याकडे ते राहील. मुलांचं नाव, मोबाइल नंबर किंवा ईमेल मागणारं संकेतस्थळ असेल तर लॉगिन तुमच्या नावाने करा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती घ्यायला पालकांच्या संमतीची अट आहे. तुमच्या वर्गातल्या सगळ्यांकडून ती गोळा करण्यापेक्षा लॉगिन न मागणारी पानं निवडणं सोपं पडेल.